बारा डिजिटल आणि एक लेफ्टनंट

रविवार, चौदा सप्टेंबर. कोल्हापुरात आमच्या मुलीचा सत्कार. रक्कम अकरा हजार रुपये, चेकनं. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, पेठ वडगावचा माझा मेहुणा, भरती अकादमीचे सर, आणि फेटे बांधणारा एक माणूस. तो शेवटपर्यंत थांबला, कारण फेटे भाड्याचे होते.

चेक चार फूट बाय दोन फूट होता. जमीन मोजणीच्या खात्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली आहेत. नुसत्या डोळ्यानं मोजलं तरी दोन इंचाच्या वर चुकत नाही. सनबोर्डवर छापलेला तो चेक मुलीच्या हातात देऊन सरांनी सात फोटो काढून घेतले. खरा चेक कधी, असं मी विचारलं. सर म्हणाले, प्रोसेसमध्ये आहे. आज हे लिहीपर्यंत तो प्रोसेसमध्येच आहे, आणि सनबोर्डचा चेक आमच्या कपाटामागे उभा आहे.

मुलगी आठ दिवसांपूर्वीच चेन्नईहून घरी आली होती. अकरा महिन्यांचं प्रशिक्षण संपवून ती लेफ्टनंट झाली. खांद्यावर दोन-दोन स्टार. संचलनानंतर स्टार झाकणारी उजव्या खांद्यावरची पट्टी मी उघडली, डाव्या खांद्यावरची तिच्या आईनं. आईनं उघडली ती एका झटक्यात निघाली, माझी अडकली. त्याचा व्हिडिओ नातेवाइकांत फिरला.

सुट्टी एकवीस दिवसांची. एकोणतीस तारखेला सकाळी तिला उत्तरेत तिच्या युनिटमध्ये हजर व्हायचं होतं.

गल्लीत सगळ्यांचं मत एकच होतं, की पोरगी सुटली एकदाची. आता ऑर्डर सोडायच्या आणि सॅल्यूट घ्यायचे. भेटायला येणारे तीन प्रश्न विचारायचे: पगार किती, लग्नाचं काय, आणि मिलिटरी कँटीनचं कार्ड कधी मिळणार. तिसरा प्रश्न मेहुण्यानं पहिल्या दिवशी दोनदा विचारला. त्याचा शेतीच्या औषधांचा धंदा आहे, पण कँटीनच्या बाटलीचे भाव त्याला तोंडपाठ आहेत.

मी मात्र नीट माहिती घ्यायला बसलो. मुलीला विचारलं, संपलं म्हणजे नक्की काय संपलं? ती म्हणाली, संपलं म्हणजे आता सुरू झालं. आधी युनिटमध्ये जायचं. तिथं पहिले काही आठवडे जवानांबरोबर पळायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, त्यांची नावं-गावं पाठ करायची. मग काही महिन्यांनी नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स. तिथं पुन्हा वर्गात बसायचं, पुन्हा परीक्षा, पुन्हा मार्क. मग आणखी काही कोर्स.

‘काही’ हा आकडा नाही. मी कागदावर रकाने पाडले होते, त्यात ‘काही’ कुठं भरायचं ते कळेना. शेवटी विचारलं, सगळे कोर्स धरून प्रशिक्षण पूर्ण कधी होतं?

ती म्हणाली, "रिटायर होताना, पप्पा."

तिच्या आईला दुसरीच काळजी. चेन्नईच्या अकादमीत शेवटच्या सत्रात ही सगळ्यांच्या वर होती. धाकट्या तुकड्यांवर तिचा हुकूम चालायचा. आता युनिटमध्ये गेल्यावर ती सगळ्या अधिकाऱ्यांत धाकटी. तिच्या आईला हे अजिबात पटलं नाही. परीक्षा पास झाल्यावर खालच्या वर्गात बसवतात, असं कुठं असतं का, असं तिनं मला विचारलं, जणू तो नियम मी केला होता. उत्तर म्हणून तिनं सहा किलो कांदा-लसूण चटणी कुटून आणली, की खालच्या वर्गातल्या पोरीकडं निदान वरच्या वर्गातले जेवायला तरी येतील.

आता भरती अकादमीच्या सरांबद्दल. आमची मुलगी त्यांच्याकडं शिकली नाही. ती चार महिने सकाळी त्यांच्या मैदानावर पळायला जायची, महिना दोनशे रुपये देऊन. मैदानावर चारशे मीटरचा ट्रॅक असल्याची पाटी होती. मला संशय आला म्हणून एका रविवारी टेप घेऊन मोजला, तर तीनशे बहात्तर मीटर भरला. तेव्हापासून मी मुलीला दर चौदा फेऱ्यांना एक फेरी जादा पळायला लावली. ते आठशे रुपये आणि ती जादा फेरी, एवढाच आमचा आणि अकादमीचा संबंध.

पण सत्काराआधी सरांचा मोबाइलवर मेसेज आला होता. एक छोटंसं अभिनंदनाचं डिजिटल लावायचं म्हणतोय, काका, फोटो पाठवा आणि मजकूर तपासून द्या. आमच्याकडं फ्लेक्सच्या फलकाला डिजिटल म्हणतात. मी वर्दीतला फोटो पाठवला. मजकुरात ‘बारा महिन्यांचे खडतर प्रशिक्षण’ होतं, ते खोडून ‘अकरा’ केलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. आणि खाली लिहिलं, बरोबर आहे. ‘आमच्या अकादमीची विद्यार्थिनी’ ही ओळ मी वाचली होती. मनात आलं, आठशे रुपये तर दिलेतच.

मंगळवारी सकाळी मुलगी पळून परत आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात आली. तिनं मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढं धरला. चौकातला डिजिटल. दहा बाय आठ. उजवीकडं वर्दीतली आमची मुलगी. डावीकडं तिच्या दुप्पट आकारात वॉर्डाचे आण्णा, हात जोडून. खाली अकादमीचा नंबर, ‘प्रवेश सुरू’, आणि मधोमध पिवळ्या अक्षरात तिचं नाव. नावाआधी ‘लेफ्टनंट कर्नल’.

"तेरा वर्षांनी होईन म्हणत होते," ती म्हणाली, "यांनी मंगळवारीच करून टाकलं."

मी हसलो. ती हसली नाही. मग तिनं खाली बसून मला समजावलं. वर्दीतला फोटो धंद्याच्या जाहिरातीत, पुढाऱ्याच्या शेजारी, वर खोटी रँक. तिन्ही गोष्टी नियमात बसत नाहीत. चेन्नईच्या अकादमीत असती तर शिक्षा म्हणून पळायला लावलं असतं आणि विषय संपला असता. आता ती अधिकारी आहे. आता लेखी खुलासा मागतात, आणि तो फाइलला लागतो. ज्या दिवशी ती हजर होणार, त्या दिवशी तिच्या फाइलीत पहिला कागद हा नसावा, एवढंच तिला हवं होतं. शिवाय तिच्या युनिटमध्ये कागलचा एक हवालदार असल्याचं तिला फोनवर कळलं होतं, आणि तो दसऱ्याच्या सुट्टीवर येणार होता.

"पप्पा," ती म्हणाली, "सातबाऱ्यावरची एका गुंठ्याची चूक तुम्हाला दिसते."

 

त्या दिवशी रजा टाकली आणि मोटरसायकलवरून शहर फिरलो. घरी येऊन सनबोर्डच्या चेकच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला आणि फुल्या मारल्या. शहरात अकरा. बारावा कागलच्या फाट्यावर, महामार्गाला तोंड करून; त्यावर आण्णा नव्हते, अकादमीची तिथं नवी शाखा निघाली होती.

मग सरांकडं गेलो. त्यांनी चहा मागवला. कर्नल कसं झालं, विचारल्यावर त्यांनी डिजिटलवाल्याकडं बोट दाखवलं, आणि उतरवा म्हटल्यावर आण्णांकडं. अकरा डिजिटलचा खर्च आण्णांनी केला होता. कागलचा तेवढा सरांचा स्वतःचा. तो प्रवेश संपले की काढू म्हणाले. आणि वर, "काका, तुम्हीच ओके दिलंय की," म्हणून माझाच मेसेज मला उघडून दाखवला.

आण्णांच्या कार्यालयात आण्णा नव्हते, त्यांचा एक माणूस होता. मी सांगितलं, माझ्या मुलीचे फोटो आहेत, ते खाली घ्यायचेत. त्यानं विचार केला. म्हणाला, "पावणं, फोटो दोन हाईत की. तुमच्या पोरीचा उतरवायचा म्हणजे आण्णांचा उतरवायचा. आण्णांचा फोटो ह्या चौकातनं कोण उतरवतंय, जरा आमाला बी बघू द्या."

मी बाहेर आलो.

ज्या कार्यालयाचं बेकायदा फलक काढायचं काम आहे, तिथंही गेलो. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून पाहिलं. त्या चौकात एकही फलक नोंदलेला नव्हता. परवानगीच घेतली नाही तर नोंद कशी असणार, आणि नोंद नसलेला फलक काढायचा कसा, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळं मला ते लगेच समजलं.

शेवटी उरला डिजिटलवाला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, मशीनसमोर बसलेला, मागं नवरात्रीचं काम ढिगानं पडलेलं. कर्नल कसं झालं ते त्यानं सरळ सांगितलं. गेल्या वर्षी कुणा लेफ्टनंट कर्नलच्या निवृत्तीचं डिजिटल केलं होतं, तीच फाइल वापरली. नाव बदललं, फोटो बदलला. नुसतं ‘लेफ्टनंट’ दिसलं तेव्हा त्याला वाटलं, पुढचं काहीतरी राहिलंय.

मी माझी सगळी फिरती त्याला सांगितली. त्यानं मशीनवरची नजर न काढता ऐकून घेतलं.

"काका," तो म्हणाला, "कोल्हापुरात डिजिटल उतरत नसतंय. डिजिटलवर डिजिटल चढतंय."

एका चौकटीवर खाली-वर सात-सात डिजिटल असतात, म्हणाला. जुनं कुणी काढत नाही. आण्णांच्या फोटोवर दुसऱ्याचा फोटो चढला तर दंगा होतो, पण आण्णांवर आण्णाच चढले तर कुणाची तक्रार? उलट आण्णा खूश. बावीस तारखेला घट बसतात. आण्णांच्या नवरात्रीच्या शुभेच्छा छापा, आण्णा मोठे करा, जागा संपली. चौकट तीच, बारा रुपये फूट.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या हद्दी ठरवत आलो. कुणाच्या जागेत शिरायचं तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन शिरावं, हे मला माहीत असायला हवं होतं.

अडचण एकच राहिली: खाली ‘शुभेच्छुक’ कोण? मी नाही. पुढाऱ्याच्या फलकावर सरकारी नोकराचा फोटो चालत नाही. मुलीचा नियम वाचवायला माझा मोडला असता. रिकामं ठेवा म्हटलं तर पोरगा ऐकेना. शुभेच्छुक नसलेलं डिजिटल म्हणजे वऱ्हाड नसलेलं लग्न, म्हणाला. मग मला मेहुणा आठवला. फोन केला. दहाव्या मिनिटाला त्याचे चार फोटो आले. चारही गॉगल लावलेले.

"दाजी, फोटो जरा मोठाच घ्या," तो म्हणाला. "आणि खाली दुकानाचं नाव बी येऊ द्या की."

एकोणीस तारखेच्या दुपारपर्यंत अकरा चौकांतून आमची मुलगी गेली. तिच्या जागी आण्णा आले, पूर्वीपेक्षा मोठे, आणि त्यांच्या पायाशी गॉगल लावलेला माझा मेहुणा. तो पेठ वडगावात राहतो, या वॉर्डात त्याचं मतही नाही. पण दोन दिवसांत आण्णांच्या माणसाचा त्याला फोन आला, की येत्या निवडणुकीत तुम्ही आमच्याबरोबर आहात ना. मेहुणा त्या दिवसापासून कँटीनचं कार्ड विसरला.

राहिला बारावा.

बुधवारी, चोवीस तारखेला, संध्याकाळी पाचच्या सुमारास दारात एक माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, पायात काळे बूट, केस बारीक, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, पगार विचारायला आणखी एक आला. मुलगी आत चटणीच्या बरण्यांची झाकणं बांधत होती. ती बाहेर आली, हात तिखटानं लाल. त्या माणसानं टाचा जुळवल्या. हाच कागलचा हवालदार. महामार्गावर गाडीतून उतरताच पहिला त्याला आमचा बारावा डिजिटल दिसला होता. त्यावरच्या नंबरला फोन करून त्यानं आमचा पत्ता मिळवला.

मुलीचा चेहरा उतरला. ती उभ्या-उभ्याच खुलासा करायला लागली. त्यानं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढं केल्यावर टोकावर बसला. एकवीस वर्षं त्याची नोकरी, हिचं वय पंचवीस. तरी तिनं बसा म्हटल्याशिवाय तो बसला नाही.

माझ्या रकान्यांत जे भरता येत नव्हतं ते त्यानं एका कपाच्या चहात सांगितलं. पहिल्या महिन्यात कुणी तुम्हाला अधिकारी म्हणून वागवणार नाही. स्टेशनवर आणायला येणारा ड्रायव्हर कदाचित ड्रायव्हर नसेल, कॅप्टन असेल, गंमत करतात. पोरं मुद्दाम सोपं विचारतील, उत्तर माहीत असलं तरी जरा थांबून द्या. पुढं कोर्सला गेल्यावर तुमच्यासारखेच सगळे असतील, तिथं मार्क मिळवा. युनिटमध्ये मार्क नसतात.

"आणि मॅडम," तो म्हणाला, "चुका हुत्यात. समद्या नव्या हापिसरांच्या हुत्यात. पर लपवू नगासा. लपवलेली चूक पोरं आधी हुडकत्यात."

मी कपाटामागच्या सनबोर्डकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारानं कागलचा डिजिटल उतरवला. सरांनी विरोध केला नाही. त्यांच्या नव्या शाखेतली सगळी पोरं हवालदारामागं गोळा झाली होती आणि त्याला भरतीचं विचारत होती. तो डिजिटल त्यानं घरी नेला आणि उलटा करून वैरणीच्या गंजीवर टाकला. पावसाच्या दोन-चार झडी अजून येणार होत्या. मी पैशाचं विचारल्यावर म्हणाला, "साहेबांच्या वडलांकडनं पैसं घ्यायचं व्हय?" तिच्या आईनं त्याला एक किलो चटणी दिली, ती मात्र त्यानं घेतली.

शुक्रवारी आम्ही मुलीला गाडीत बसवलं. काळ्या पेटीवर पेंटरनं पांढऱ्या रंगात तिची रँक आणि नाव लिहिलं होतं. या वेळी मी स्वतः त्याच्या शेजारी उभा राहून प्रत्येक अक्षर पाहिलं. पाच किलो चटणी वेगळ्या पिशवीत. मी तिला म्हणालो, आता काळजी नाही, बारापैकी एकही शिल्लक नाही. ती म्हणाली, हं. गाडी सुटेपर्यंत ती आईशीच बोलत होती.

पुढचं तिनं फोनवर सांगितलं, तसं लिहितो.

एकोणतीसला सकाळी ती कमांडिंग ऑफिसरपुढं उभी राहिली. ते पूर्ण कर्नल. त्यांनी प्रवास कसा झाला विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं, काही अडचण आहे का विचारलं. तिनं मोबाइल काढला आणि चौकातल्या डिजिटलचा फोटो टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं: फोटो कुणी दिला, मजकूर कुणी तपासला, आता काय झालंय. कुणी विचारलं नव्हतं. मी अकरा चौकांत जे झाकून घेतलं होतं, ते तिनं अकराच्या ठोक्याला स्वतः उघडं केलं.

मी तिला विचारलं, असं का केलंस? सगळं निस्तरलं होतं ना?

"निस्तरलं नव्हतं, पप्पा. झाकलं होतं," ती म्हणाली. "मला खाली काय आहे ते लक्षात ठेवत बसायचं नव्हतं."

कर्नलसाहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. आण्णा कोण, हे विचारलं. मग एका पानाचा खुलासा लिहून द्यायला सांगितला. म्हणजे ज्या कागदाला ती भीत होती, तो कागद पहिल्याच दिवशी फाइलला लागला. खाली त्यांनी शेरा मारला, की अधिकाऱ्यानं बाब स्वतःहून निदर्शनास आणली. आणि ती सॅल्यूट करून वळणार, तोच ते खुर्चीतून उठले. म्हणाले, बसा, युनिटला दोन कर्नल झाले, खुर्ची मात्र एकच आहे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या युनिटला कळलं. महिनाभर ती जवानांबरोबर पळाली, त्यांच्या पंगतीला जेवली, आणि मेसमध्ये सगळे तिला कर्नल म्हणत राहिले. सैन्यात रँक वाढली की मेसमध्ये पार्टी द्यायची पद्धत आहे. तेरा वर्षांची बढती एका दिवसात झाल्यामुळं पार्टीही त्या मानानं मोठी हवी, असा सर्वात धाकट्या कॅप्टननं ठराव मांडला, आणि तो एकमतानं पास झाला. चटणी त्या एका पार्टीतच संपली.

आता जानेवारीत तिचा कोर्स आहे. तिथं पुन्हा पहिल्यापासून: वर्ग, वह्या, परीक्षा. कालावधीचा रकाना मी आता पेन्सिलीनं भरतो. गल्लीत अजूनही विचारतात, ट्रेनिंग संपलं ना एकदाचं? मी हो म्हणतो. चौकात आण्णा होते तिथं आता कुणाच्या तरी वाढदिवसाचं चढलंय.

पार्टीचं बिल सात हजार तीनशे साठ आलं. मी सगळे पैसे पाठवतो म्हणालो. तिनं नको सांगितलं. म्हणाली, निम्मे तुमचे, निम्मे माझे, ओके तुम्ही दिलं होतं आणि विद्यार्थिनी मी होते.

शेवटी दिले ते असे. अकरा डिजिटल, प्रत्येकी ऐंशी चौरस फूट, बारा रुपये दरानं दहा हजार पाचशे साठ, चढवण्याची मजुरी प्रत्येकी दीडशेप्रमाणं सोळाशे पन्नास. एकूण बारा हजार दोनशे दहा, डिजिटलवाल्याला, रोख. मेसच्या बिलापोटी तीन हजार सहाशे ऐंशी, लेफ्टनंट मुलीच्या खात्यावर.